थेरगाव ते निघोजे, एका ऑक्टोपससह

आमच्या कंपनीत मीटिंगमध्ये तोंड फक्त खाण्यासाठी उघडायचं असतं. जो सूचना करतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. म्हणून जुनी माणसं समोसा आला की तो संपेपर्यंत, आणि संपल्यावरही, चावत राहतात. मी स्वतः या कलेत तयार झालेला माणूस. पण त्या दिवशी समोसा गरम होता, तोंड उघडं राहिलं आणि घात झाला.

विषय होता रिसेप्शनमधल्या काचेच्या टाकीचा. आमच्या मालकांनी कुठल्याशा बड्या हॉटेलात खाऱ्या पाण्याची टाकी बघितली आणि तशीच निघोज्याच्या आमच्या कारखान्यात बसवून घेतली. टाकी झाली, निळा दिवा झाला, तळाला पांढरी वाळू झाली, पण आत काय सोडायचं ते ठरेना. तिकडे जपानी कस्टमर तनाका सान यांची भेट दोन दिवसांवर आलेली. पर्चेसवाले म्हणाले गोल्डफिश, तो खाऱ्या पाण्यात मरतो. अकाउंट्सवाले म्हणाले प्लॅस्टिकचे मासे, ते मरत नाहीत. मालकांच्या डोक्यामागे भिंतीवर नवं पोस्टर होतं: एक हसरा ऑक्टोपस, एका हातात पाना, एकात कुंचा, एकात टेप, आणि खाली लिहिलेलं, "एक ऑपरेटर, आठ हात". एका माणसानं एकच मशीन चालवायचे दिवस गेले, हे कामगारांना प्रेमानं सांगण्यासाठी एका सल्लागारानं ते करून दिलं होतं. मी त्याच्याकडे बोट दाखवून विनोद केला, "साहेब, यालाच ठेवा की."

सगळे हसले. मालक हसले नाहीत.

"सुरवसे," ते म्हणाले, "पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोललात."

पडद्यावरच्या कामांच्या यादीत एक नवी ओळ उमटली. ऑक्टोपस. पुढे माझं नाव. त्यापुढे तारीख: उद्या.

मी ॲडमिन बघतो. म्हणजे कँटीन, बसगाड्या, बाग, पाहुण्यांचे बुके, संडासातला साबण, आणि ज्याला दुसरा बाप नाही असं प्रत्येक काम. मूळचा धाराशिवकडचा. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं आणि त्याला बघायला गाव जमतं. लग्न ठरेपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. बायको गुहागरकडची. तिच्या माहेरी आंघोळीनंतर मागच्या दारी जावं इतक्या सहज लोक समुद्रावर जातात. घरी आल्यावर मी तिला ऑक्टोपसचं सांगितलं.

"समुद्रातलं जनावर निघोज्यात काय करणार?"

"दिसणार," मी म्हणालो.

लोक युरोपला जाऊन येतात आणि प्रवासवर्णनं लिहितात. मी निघोज्याला जाऊन आलो. ज्यांना ऑक्टोपस घेऊन हा रस्ता करायचा योग आलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

थेरगाव

पुनावळ्याच्या आमच्या घरापासून थेरगावच्या डांगे चौकापर्यंतचं वर्णन करत नाही. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांच्या जखमा ताज्या होतील, आणि ज्यांनी केला नाही त्यांना मी थापा मारतोय असं वाटेल.

रफिकभाईंचं माशांचं दुकान चौकाच्या आतल्या गल्लीत आहे. थेरगाव गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. आजोबा बैलांना नाल मारत, वडील सायकली दुरुस्त करत, आणि रफिकभाई आता आयटीवाल्यांच्या दिवाणखान्यांना मासे पुरवतात. सगळीकडे पंपांची बुडबुड, आणि मधे स्टुलावर रफिकभाई. मी कंपनीची ओमनी बाहेर लावून आत गेलो, इकडचे तिकडचे मासे बघितले, आणि जरा लाजतच विचारलं, "ऑक्टोपस मिळेल का?" मला वाटलं होतं ते हसतील. ते उठून उभे राहिले.

"साहेब, तुमी फरिश्त्यासारखं आलात. न्या त्याला. आत्ताच्या आत्ता न्या."

हकीकत अशी. खाऱ्या टाक्यांत मांडायला त्यांनी कोकण किनाऱ्यावरून दगड आणवले होते. त्यातला एक दगड चालायला लागला. पण हे नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की शेजारच्या टाकीतले खेकडे रोज कमी होताहेत.

"दुकानाची चावी दोघांकडं. एक माझ्याकडं, एक मेव्हण्याकडं, जावेदकडं. आता म्या काय समजायचं?"

"काय समजलात?"

"त्येच समजलो."

खेकडे चायनीजच्या गाडीवर जातात, असा रफिकभाईंनी चार लोकांत निकाल दिला. जावेदनं चावी टाकीवर ठेवली आणि तो चिखलीला एका मित्राच्या गॅरेजात जाऊन राहिला. त्याची बहीण म्हणजे रफिकभाईंची बायको. "तवापासून घरी डाळीत मीठ न्हाई, साहेब. हितं दुकानात मिठाच्या गोणी हायेत, अन् घरी मला अळणी."

मग एक दिवस टाकी साफ करताना दगडामागे खेकड्यांच्या कवचांचा ढीग सापडला. आतून स्वच्छ, एकावर एक, जशी आपण शेंगांची टरफलं बाजूला सारतो तशी. ऑक्टोपसची ही रीतच आहे. तो शिकार बिळात नेतो, निवांत खातो आणि खरकटं दाराबाहेर टाकतो. अंगात हाड नाही, त्यामुळे दोन काचांच्या फटीतून पाझरल्यासारखा निघतो, शेजाऱ्याकडे जेवतो आणि घरी परततो.

"अन् जाताना झाकण लावून जातंय," रफिकभाई म्हणाले. हे मी जसंच्या तसं लिहिलंय, खरं-खोटं त्यांच्यापाशी.

मी वाकून पाहिलं. टाकीत एक मातीचं लहान मडकं आडवं ठेवलेलं, आणि त्याच्या तोंडाशी एक डोळा. डोळ्यातली बाहुली आडवी, टपालपेटीच्या फटीसारखी. त्या डोळ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाआधी माझ्या सासऱ्यांनी पाहिलं होतं: हा एवढाच का आणखी काही आहे. अंग मडक्याच्या रंगाचं. मडकं कुठे संपतं आणि ऑक्टोपस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"भायेर येत न्हाई. दोन-तीन दिस झालं, खेकडा दिला तरी शिवत न्हाई," रफिकभाई म्हणाले. "रुसलंय."

रात्री मोबाईलवर मी थोडा अभ्यास केला होता. त्याला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या अंगाला पुरवतं. रक्त निळं, कारण त्यात लोखंडाच्या जागी तांबं. पोहायला लागला की ते तिसरं हृदय थांबतं, म्हणून तो दमतो आणि शक्यतो पोहत नाही, सरपटतच जातो. डांगे चौकात उभं राहून हे आठवलं की फारसं नवल वाटत नाही. आणखी एक वाचलं: मेंदूचा मोठा भाग त्याच्या डोक्यात नसून हातांत असतो, आणि प्रत्येक हात डोक्याला न विचारता बरंच काही करून मोकळा होतो. आमच्या कंपनीत आठ डिपार्टमेंट आहेत. हेही मला लगेच समजलं.

मडक्यासकट त्याला खाऱ्या पाण्यानं भरलेल्या लहानशा निळ्या ड्रममध्ये उतरवलं. बॅटरीवरचा पंप लावला. झाकणाला भोकं पाडली, ती बघून घाबरलो, त्यांवर जाळी लावली, जाळीवर पट्टे बांधले. रफिकभाईंनी कवचांची पिशवी उचलली आणि दुकानाचं शटर ओढलं.

"तुम्ही कुठे?"

"तुमची टाकी लावून द्यायला. अन् वाटेत चिखली हाय. जावेद माझा फोन उचलत न्हाई. त्याला पुरावा दाखवतो."

चिंचवडहून पुढे

ओमनीत मागच्या सीटवर ड्रम, त्याला मिठी मारून रफिकभाई. मी चालवत होतो. दर सिग्नलला मागे वळून पट्टे बघत होतो.

"डोळा जाईल तिथनं अख्खं जातंय ते," रफिकभाई म्हणाले.

"डोळा नाही. चोच. अंगात कडक अशी तेवढीच एक गोष्ट असते, पोपटासारखी. चोच गेली की बाकीचा गेला."

"म्हंजे ब्रेकच्या पेडलखालनं बी येईल?"

त्यानंतर मी ब्रेक मारताना पाय जरा वर धरून मारत होतो.

सिग्नलला शेजारी एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं ड्रमकडे पाहिलं. "पनीर?"

"ऑक्टोपस," रफिकभाई म्हणाले.

रिक्षावाल्यानं मान हलवली. "कुठल्या कंपनीला?"

या भागाचं हे एक आहे. तुम्ही देव घेऊन निघा नाहीतर वाघ, इथला माणूस विचारतो तो एकच प्रश्न. आमच्या धाराशिवला विचारतात, कुणाचा कोण. गुहागरला विचारतात, कधी आलात आणि कधी जाणार. इथे विचारतात, कुठल्या कंपनीला. उत्तर आलं की तो निश्चिंत होतो.

सबंध रस्ताभर मी त्याच्या पळून जाण्याची वाट बघत होतो. झाकण हललं नाही. एकदाही आतून कुणी चाचपून पाहिलं नाही. ज्या प्राण्यानं रफिकभाईंचा संसार अळणी केला, तो या ड्रममध्ये इतका शहाण्यासारखा का बसला, हे मला चिखलीपर्यंत सुचलं नाही.

चिखली

गॅरेजच्या दारात जावेद एका मोटारसायकलच्या चेनशी झटत होता. तिशीतला, दाढी नीट कोरलेली, हात कोपरापर्यंत काळे. रफिकभाईंना बघून त्यानं चेन जास्तच मन लावून बघायला सुरुवात केली.

रफिकभाईंनी त्याच्यासमोर फरशीवर कवचं ओतली. मग ड्रमचं झाकण उघडलं. "ह्यानं खाल्ले."

जावेदनं एक कवच उचललं, आतून बघितलं, बोट फिरवलं.

"दुल्हाभाई," तो म्हणाला, "इतकं साफ खाऊन एका जागी ढीग लावून मी ठेवला असता? मी घरी जेवलेलं ताट कधी उचललं नाही. आपाला विचारा."

"चूक झाली," रफिकभाई म्हणाले. म्हणाले ते ड्रमकडे बघून, पण माफी माफीच. जावेदनं हात पुसले आणि समोरच्या टपरीवरून चहा आणि खारी मागवली. इथल्या खारीला चहात बुडवताना घड्याळ लावावं लागतं. माझी अर्धी तळाशी गेली.

चहा पिताना जावेद मोबाईलची बॅटरी लावून ड्रममध्ये डोकावत होता. "हा आजारी आहे का?"

"खात न्हाई. रुसलाय."

"रुसला नाही." त्यानं मोबाईल तिरपा केला. "वर बघा. मडक्याच्या छताला."

मी वाकलो. मडक्याच्या आत, वरच्या बाजूला, पांढऱ्या दाण्यांच्या माळा लोंबत होत्या. तांदळाच्या दाण्यांना दोऱ्यात ओवून कुणी तोरणं बांधावीत तशा. आणि तो, म्हणजे आता ती, एक हात त्यांच्यातून हळूहळू फिरवत होती. मधूनच अंगाखालच्या नळीतून पाण्याचा झोत त्यांच्यावर मारत होती. माळा हलायच्या, पुन्हा स्थिर व्हायच्या.

मी तिथेच मोबाईल काढून वाचलं आणि बायकोला फोन लावला. आनंदाच्या बातम्या आधी तिला सांगायच्या, असा आमच्यात करार आहे.

"अगं, तो नाही, ती आहे. अंडी घातलीत."

"मग?"

"मग ती आता काही खाणार नाही. रात्रंदिवस अंडी साफ करणार, त्यांना ताजं पाणी फुंकणार. पिल्लं बाहेर पडेपर्यंत. त्यानंतर मरते."

"कोण?"

"आई. आयुष्यात एकदाच अंडी घालतात त्या."

मग ती म्हणाली, "आणि नर कुठे आहे?"

तेवढ्यात जावेदनं मोटारसायकल चालू करून बघितली आणि फोनवर काही ऐकू येईना. मी "नंतर बोलू" असं ओरडलो आणि ठेवला. खरं सांगायचं तर मला मोटारसायकलचा राग आला नाही.

निघताना जावेद म्हणाला, "साहेब, हिला मडक्यातून काढू नका हं."

"छे," मी म्हणालो, "कोण काढतंय?"

मोईचा पूल

इंद्रायणीवर पांढरा फेस होता. पुलावरून गाड्या सावकाश चालल्या होत्या, म्हणून तो नीट बघायला मिळाला. परदेशात लोक बर्फ बघायला जातात, आपल्याकडे तो असा नदीवर आपणहून येतो. माझ्या सोसायटीत त्या दिवशी टँकर आला नव्हता म्हणून ग्रुपवर भांडणं चालली होती, नदी फेसाखाली वाहत होती, आणि मी खारं पाणी भरलेला एक ड्रम रिसेप्शनला शोभेसाठी घेऊन चाललो होतो. पाण्याची अशी चैन आमच्या गावात कुणी ऐकली असती तर मला वेशीवर अडवलं असतं.

रफिकभाई खिडकीतून खाली बघत होते. "ह्या पाण्यात हिला सोडली तर?"

"लगेच मरेल. गोडं पाणी हिला चालतच नाही."

"हे गोडं हाय?" रफिकभाईंनी विचारलं.

निघोजे

मडकं पांढऱ्या वाळूवर, निळ्या दिव्याखाली ठेवलं. रफिकभाईंनी पाण्याची चव जिभेला लावून बघितली, मान हलवली आणि ते शिफ्टच्या बसनं परत गेले. घाई होती. जावेद त्यांच्या घरी जेवायला येणार होता.

मालक आले. टाकीभोवती एक फेरी मारली.

"हे मडकं कशाला?"

"साहेब, ती आत आहे."

"आत कशाला? पोस्टरमध्ये कशी आहे? हात पसरून, हसत. सुरवसे, आपण कुंभारवाडा उघडलाय का?"

मी सांगितलं. अंडी, माळा, पाण्याचा झोत, उपास. मी बरं सांगितलं असावं, कारण रिसेप्शनवरची मुलगी फोन न उचलता ऐकत होती. मालकांनीही शेवटपर्यंत ऐकलं.

"ते ठीक आहे. पण अंडी नंतरही घालता येतात. व्हिजिट पुढे ढकलता येत नाही. उद्या तनाका सान यायच्या आत मडकं फोडून बाहेर काढा. काचेला चिकटली पाहिजे."

"हो साहेब," मी म्हणालो.

ऑक्टोपसच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या ताणल्या, आवळल्या की क्षणात अंग खडकाचं होतं, वाळूचं होतं. नवल म्हणजे त्याला स्वतःला बहुधा रंग दिसतच नाहीत. न बघताच तो भोवतालासारखा होतो. रिसेप्शनची भिंत फिक्या पिवळ्या रंगाची आहे. त्या संध्याकाळी मीही बराच फिका पिवळा होतो.

घरी बायकोनं विचारलं, "पोचली का?"

"पोचली."

"मडक्यात आहे ना?"

"आत्ता आहे," मी म्हणालो. तिनं पोळी तव्यावरच ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या आडव्या बाहुलीच्या डोळ्याची मला फार आठवण झाली.

निघोजे, दुसरा दिवस

परदेशी पाहुणे येतात त्या दिवशी आमच्या कँटीनला पनीर असतं आणि गुलाबजाम. एरवीच्या डाळीबद्दल मी लिहीत नाही, कारण कँटीन मीच बघतो. सकाळी हाउसकीपिंगचे दोघं हातोडी घेऊन रिसेप्शनमध्ये उभे होते आणि विचारत होते, "साहेब, पाण्यात हात घालून फोडायचं, का बाहेर काढून?"

मी म्हणालो, "थांबा जरा," आणि क्वालिटीकडे गेलो.

आता एक रिवाज समजावून सांगायला हवा. आमच्या इथे एखाद्या मालाबद्दल शंका आली की क्वालिटीवाले त्यावर पिवळा टॅग लावतात. त्यावर लिहिलेलं असतं "होल्ड". तो लागला की माल हलवायचा नाही, उघडायचा नाही, क्वालिटीची सही होईपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. मागच्या भेटीत असा एक खोका चुकून लाइनवर गेला आणि तनाका सान यांनीच तो धरला. त्यानंतर मालकांनी सगळ्या शिफ्टसमोर माइकवर नियम सांगितला: होल्डच्या मालाला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. "मीसुद्धा नाही" हे दोनदा म्हणाले. टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.

क्वालिटीच्या प्रमुख गायकवाड मॅडम. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मला अधिकार नाही. आणि हा काही माल नाही. तरीही..."

मॅडमनी पिवळा टॅग ओढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: तपासणी चालू. सही केली.

"मॅडम, मालक ओरडतील."

"मी बाळंतपणाच्या रजेवरून आले तेव्हा माझी खुर्ची स्टोअरमध्ये होती, सुरवसे. तिच्यावर पेंटचे डबे ठेवले होते." त्यांनी टॅग माझ्या हातात दिला. "काचेला नीट चिकटवा. निघाला नाही पाहिजे."

मी चिकटवला. मालक आले, टॅग पाहिला. हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला. त्याच वेळी दार उघडलं आणि तनाका सान आत आले. बरोबर पुण्याहून आणलेली दुभाषी मुलगी. बुके दिला गेला. तनाका सान यांनी बुके बाजूला ठेवला आणि सरळ टाकीपाशी गेले. टाकीपेक्षा जास्त वेळ त्यांनी टॅग वाचला.

"होल्ड का?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शाई सोडावी आणि मागच्या मागे पळावं. ऑक्टोपस हेच करतो. पण शाई नव्हती, आणि मागे गुलाबजाम घेऊन कँटीनवाला उभा होता.

"जागेवरून हलत नाही म्हणून," मी म्हणालो.

ज्यांनी जपानी कस्टमर पाहिलेला नाही त्यांना सांगतो, हे लोक पहिल्या उत्तरावर समाधान मानत नाहीत. का, असं विचारत खाली खाली जातात, मूळ सापडेपर्यंत. त्यांनी पांढरा फळा मागवला. मी मार्कर घेतला.

"का हलत नाही?"

"अंडी राखते आहे."

"का राखते?"

"पाणी फुंकलं नाही, घाण काढली नाही, तर अंडी सडतात."

"हे काम दुसऱ्या कुणाला का देता येत नाही?"

"दुसरं कुणी नाही. ही जात एकटीच राहते."

"मग ती जेवते कधी?"

दुभाषी मुलीनं हा प्रश्न जरा हळू सांगितला. मी म्हणालो, "जेवत नाही. पिल्लं बाहेर आली की मरते."

फळ्यावर खाली एक रिकामी चौकट असते, "उपाय" म्हणून. तिथे काहीतरी लिहावंच लागतं. रिकामी ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. मार्कर हातात धरून मी उभा राहिलो. तनाका सान वाकले, मडक्यात बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, होल्ड योग्य आहे, पिल्लं बाहेर येईपर्यंत काढू नये.

मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच पाहुण्यांना मीटिंगच्या खोलीत नेऊन पोस्टर दाखवलं आणि एक ऑपरेटर, आठ हात ही कल्पना खुलवून सांगितली. तनाका सान यांनी एकेका हातातली वस्तू नीट बघितली. पाना, कुंचा, टेप, आठही. मग त्यांनी काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली,

"ते विचारताहेत, हा जेवतो कधी?"

मालक मोठ्यानं हसले. तनाका सान हसले नाहीत. व्हिजिटसाठी आलेल्या गायकवाड मॅडम खिडकीतून बागेकडे बघत होत्या. बाग मीच बघतो, आणि तिच्यात बघण्यासारखं काही नाही.

पुढच्या आठवड्यात पोस्टर बदललं. आता ऑक्टोपसच्या एका हातात डबा आहे. मशीनं तेवढीच आहेत.

गुहागर

टॅग महिनाभर राहिला. शिफ्ट सुटताना असेंब्लीच्या बायका टाकीपाशी थांबून मडक्यात बघायच्या आणि बसला उशीर करायच्या. बसही मीच बघतो, म्हणून मी तक्रार लिहून घेतली नाही. मडक्यातल्या आईचा रंग दिवसेंदिवस उतरत गेला. कातडी सैल, डोळा खोल. एकदा मी एक कोलंबी तिच्यापुढे धरली. तिनं एका हातानं ती हलकेच दूर सारली, जसं कामात असलेलं माणूस सारतं, आणि दुसरा हात माळांतून फिरवत राहिली.

एका सकाळी सगळ्या टाकीत कण्या पोहत होत्या. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, आणि अंगावर आत्तापासूनच रंगाची चमक. आई मडक्याच्या तोंडाशी पडलेली, पांढरी, हात अजून आत वळलेले. गायकवाड मॅडमनी सही करून टॅग काढला. रफिकभाई फोनवर म्हणाले, टाकीत ही जगायची न्हाईत, पंप ओढून घेईल, दर्यातच सोडा. बायकोनं हे आधीच ठरवलं होतं. "ड्रम मी धरीन. तुम्ही फक्त गाडी चालवा."

तिनं तो पुनावळे ते गुहागर मांडीवर धरला. ओहोटी बघून खडकांवर गेलो. तिनं पदर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि ड्रम हळूहळू कलता केला. कण्या पाण्यात मिसळल्या आणि दिसेनाशा झाल्या. ही आता कित्येक दिवस वरच्या पाण्यात तरंगणार. बहुतेकांना मासे खाणार. एखाद्दुसरं वाचलंच तर खाली उतरून बीळ शोधणार आणि खेकडे खाणार. आईला मडक्यासकट एका खडकाच्या कपारीत ठेवलं. आम्ही वळायच्या आत तिथे खेकडे आले होते. मला रफिकभाईंची आठवण झाली.

सासुरवाडीला दोन दिवस मी होल्ड टॅगची गोष्ट सांगितली. सासऱ्यांना एकदा, मेहुण्याला एकदा, शेजारचे आले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी गायकवाड मॅडमचा भाग जरा लहान होत गेला. माशाचं कालवण फार सुरेख झालं होतं. बसल्या जागी वाढलं जात होतं.

येताना कुंभार्ली घाट चढून चहाला थांबलो. कंबर धरली होती, मी तिला तसं सांगितलं. तिनं रिकामा ड्रम पायाशी ठेवला आणि मांडी चोळली.

"चिखलीला तुम्हाला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "नर कुठे होता?"

आता मोटारसायकल नव्हती. मी सांगितलं. नराचा एक हात खास त्यासाठीच असतो. त्या हातानं तो मादीला काय द्यायचं ते देतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. मग त्याचंही खाणं सुटतं, भान सुटतं, आणि बहुतेक वेळा पिल्लं बाहेर येण्याआधीच तो मेलेला असतो.

तिनं चहा संपवला, माझाही कप उचलला आणि दोन्ही टपरीवर नेऊन ठेवले.

"म्हणजे त्याच्याकडे निदान कारण तरी आहे," ती म्हणाली.